हात न लावलेली काठी

व्हिटफोर्ड कॉलेज
१४ सप्टेंबर २००८

प्रिय इर्मा मावशी,

आपल्या रीतीप्रमाणे आधी आभार. इथल्या मेपलांचे, यंदा ते लवकर लाल झालेत. माझ्या खटारा गाडीचे, तिनं अजून दगा दिलेला नाही. आणि तुझे, कारण तू हे पाकीट उघडलंस.

आता बोलते. मला मुलींच्या लॅक्रॉस संघाची कोच केलंय. मदतनीस नाही, मुख्य. तीन वर्षं मी गोलाच्या जाळ्या ओढल्या, बाटल्यांत पाणी भरलं, दुसऱ्या संघांचे सामने बघून ठेवले. गेल्या आठवड्यात जुन्या कोचबाई निवृत्त झाल्या आणि क्रीडाप्रमुख डोनेली साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "कोरीन, सांभाळशील?" मी म्हटलं, "सांभाळीन." ते म्हणाले, "अगं, एक दिवस विचार तरी कर." मी म्हटलं, "तीन वर्षं केलाय."

तुला हे आवडणार नाही, मला ठाऊक आहे. आपल्या मूळनिवासींच्या सहा राष्ट्रांत काठीच्या जाळीत चेंडू झेलायचा हा खेळ पुरुषांना दिलेला आहे. तू अस्वल कुळाची कुळमाता. बायकांनी हा खेळ खेळू नये, असं तू लांबघरातल्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलंस तेव्हा मी आईच्या मांडीवर बसून ऐकत होते. पण मावशी, आम्ही लाकडी काठीला हात लावत नाही. आमच्या काठ्या कारखान्यातल्या, प्लास्टिकच्या डोक्याच्या. त्यांत ना हिकरीचं झाड, ना कुणाची प्रार्थना.

या कॉलेजात आपल्यातलं दुसरं कुणीच नाही. इथल्या मुली आपला खेळ खेळतात आणि तो कुठून आला हे त्यांना माहीत नाही. कुणीतरी सांगायला हवं. मला वाटतं, ते काम माझं आहे.

वसंतात आमचा घरच्या मैदानावर पहिला सामना आहे. येशील? खेळाला बरं म्हण असं मी म्हणत नाही. नुसती कडेला येऊन बस.

तुझी,
कोरीन


५ ऑक्टोबर २००८

कोरीन,

पांढऱ्या मक्याचे आभार. यंदा भरून आलाय. कणसांच्या सालींच्या वेण्या घालून माळ्यावर टांगला, अजून बोटं दुखतायत.

तुझं पत्र तुझ्या आईनं माझ्या हातातून ओढून वाचलं. रडली. मग अर्ध्या वस्तीला फोन केले. तुझं पदवीचं सर्टिफिकेट तिनं चुलीवरच्या भिंतीला लावलंय. मी म्हटलं, वाफेनं खराब होईल. म्हणाली, "होऊ दे, रोज पुशीन." आपल्या घरात कॉलेज पुरं केलेली तू पहिली. मला अभिमान आहे. हे आधी लिहिते, कारण पुढचं तुला गोड लागणार नाही.

मी येणार नाही.

अल्टन माझ्याशी भांडला. मामा ना तुझा! म्हणे, "अगं, प्लास्टिकची काठी ती. प्लास्टिकमध्ये कसलं आलंय औषध?" मी म्हटलं, "मग प्लास्टिकच्या डब्यातून नेतोस ते सूप सूप नसतं का?" पण डबा घेऊन गेला.

मी आठेक वर्षांची असताना माझे वडील, तुझे आजोबा, छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले होते. वस्तीतले सगळे पुरुष त्यांच्यासाठी खेळले. चिखलात, थंडीत. कोण जिंकलं ते कुणी विचारलं नाही. आजोबा खिडकीतून बघत होते, हसत होते. खेळ संपल्यावर एकाची काठी गवतात पडली होती. ती उचलायला मी धावले, तर माझ्या आजीनं मनगट धरलं. रागावली नाही. म्हणाली, "तुझ्या अंगात जन्म देण्याची ताकद आहे. काठीत बरं करण्याची. दोन्ही मोठ्या, म्हणून दोन्ही वेगळ्या ठेवायच्या." ती पकड मला अजून मनगटावर जाणवते.

नुसती मावशी असते तर तुझ्या आईनं मला गाडीत कोंबून आणलं असतं. पण कुळमातेचं बोलणं तिच्या एकटीचं नसतं. ती कुठे बसते, तेही नसतं.

गरम कपडे घाल. तुझ्या त्या डोंगरात वारा वाईट आहे.

इर्मा


व्हिटफोर्ड
१९ एप्रिल २००९

प्रिय मावशी,

उन्हाचे आभार. काल पहिल्यांदा मैदान कोरडं मिळालं. मार्चभर आम्ही फावड्यांनी बर्फ सारून सराव केला.

तुझं उत्तर वाचून मी रडले नाही, असं लिहिणार होते. खोटं कशाला लिहू? रडले. मग सरावाला गेले.

आम्ही हरतोय मावशी. सारख्या हरतोय. परवा चौदा-तीन. माझा एक नियम मुलींना पटत नाही. मैदानात जिला राग येईल तिनं बाहेर येऊन बसायचं, शांत होईपर्यंत. हा रागानं खेळायचा खेळ नाही, असं मी त्यांना सांगते. परवा एकदम चौघी बाहेर. डोनेली साहेब माझ्या शेजारी येऊन म्हणाले, "कोरीन, तुझा संघ बाकावर जास्त दिसतोय, मैदानात कमी."

सामन्याआधी आम्ही गोल उभ्या राहून आभार मानतो. जमिनीचे, पाण्याचे, समोरच्या संघाचे. माझी कप्तान हेलेना दातांच्या डॉक्टरची मुलगी, पण स्वतःच्या जिभेला औषध नाही. म्हणाली, "कोच, आपण त्यांचे आभार मानतो आणि त्या आपल्याला चौदा गोल मारतात. खरं तर त्यांनी आपले मानायला हवेत!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

पण परतताना बसमध्ये तीच हेलेना माझ्या शेजारी येऊन बसली. "हा खेळ आजारी माणसासाठी खेळतात, हे खरं आहे?" मी आजोबांची गोष्ट सांगितली, तू लिहिलेलीच. हळूहळू मागच्या मुली पुढे सरकल्या. मग कॉलेज येईपर्यंत कुणी गाणी लावली नाहीत.

मला वाटतं, मी चुकीचं काही करत नाहीये. पण हरणाऱ्या कोचला कुणी फार दिवस ठेवत नाही आणि मला इथे राहायचंय. कसं करू ते सांग.

कोरीन


३ मे २००९

कोरीन,

ओढ्यात परत आलेल्या माशांचे आभार.

खेळाबद्दल मला विचारू नकोस. माणसांबद्दल विचारलंस असं धरून लिहिते.

कुळाचा प्रमुख निवडायचा तर मी त्याला लहानपणापासून बघते. हरल्यावर घरी कसा येतो, जेवणावळीत म्हाताऱ्यांचं ताट उचलतो का, दुसऱ्याची चूक झाली की त्याच्याकडे कसा बघतो. आणि निवडलेला चुकला, तर त्याला तीन वेळा समज देते. पहिली एकट्यात, हळू आवाजात. दुसरी एक साक्षीदार बरोबर घेऊन. तिसरी सगळ्यांसमोर. तेव्हाही नाही ऐकलं, तर त्याच्या मानाची हरणाची शिंगं काढून घेते. आजवर एकदाच काढलीत. पहिली समज नीट दिली की तिसरी सहसा लागत नाही.

तू काय करतेस? पोरगी जरा चिडली की सगळ्यांदेखत बाकावर. म्हणजे तू तिसरीपासून सुरुवात करतेस! त्यांना वाईट वाटणार नाही तर काय! पहिली कानात दे.

अल्टन म्हणतो, तुझ्या पोरी सगळ्या एकाच बाजूनं पळत असणार. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मी येणार नाही ते नाहीच. सूप डब्यात भरून पाठवतेय. डबा प्लास्टिकचा आहे.

इर्मा


व्हिटफोर्ड
२३ मे २०१०

प्रिय मावशी,

आभार कशाकशाचे मानू? सगळ्यांचे.

आम्ही विभागाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलो! तिथे हरलो, पण तिथपर्यंत या कॉलेजच्या मुली कधी पोचल्याच नव्हत्या. आणि आजूबाजूच्या सगळ्या कोचनी मिळून मला वर्षातली सर्वोत्तम कोच निवडलं. त्यांतल्या एकीनं मला विचारलं, "तुझ्या मुली मैदानात एकमेकींवर ओरडत कशा नाहीत गं?" मी म्हटलं, "माझी मावशी." तिला वाटलं, मावशी पण कोच आहे. मी दुरुस्त केलं नाही.

वर्षभर पहिली समज कानात दिली. दुसरी दोनदा द्यावी लागली. तिसरी कुणालाच नाही. आणि अल्टन मामाला सांग, खरंच सगळ्या उजवीकडूनच पळत होत्या.

अजून एक. आपल्या वस्तीतल्या दोन मुलींनी फोन करून विचारलं, तुझ्याकडे शिकायला आणि खेळायला येऊ का. मी सांगितलं, आधी आपापल्या कुळमातेला विचारा. तुला न कळवता मी त्यांना घेणार नाही.

कोरीन


७ नोव्हेंबर २०१०

कोरीन,

आज आभार नंतर.

तुझा फोटो पेपरात आलाय. कॉलेजच्या मोठ्या जेवणात तुझा सत्कार. दुकानदारानं अभिमानानं कात्रण दाराला चिकटवलंय. त्यात तुझ्यापुढे लाकडी काठी आहे. आडवी, जाळीसकट. तुझ्या हातात.

सकाळी दुकानात दोघी बायकांनी मला अडवून विचारलं. मी म्हटलं, तसं नसेल. आता तू लिही, तसं आहे की नाही.

इर्मा


व्हिटफोर्ड
१४ नोव्हेंबर २०१०

मावशी,

तसं नाही.

तू विचारलंस म्हणून सांगते. नाहीतर सांगणार नव्हते. तुला कळावं म्हणून मी ते केलं नव्हतं.

कॉलेजच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं, व्हॅन्डरमीर नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी, माझ्या सत्कारासाठी मुद्दाम आपल्याच लोकांतल्या एका कारागिराकडून काठी करून घेतली होती. हिकरीची, चामडी जाळीची. सुंदर होती मावशी. ते स्वतः येऊ शकले नव्हते, म्हणून कॉलेजच्या अध्यक्षांनी ती सगळ्या हॉलसमोर माझ्यापुढे धरली. टाळ्या वाजत होत्या. मी हात पाठीमागे घेतले. म्हटलं, "ही फार मोठी भेट आहे. पण आमच्याकडे बाई या काठीला हात लावत नाही. माझे मामा येऊन घेईपर्यंत ती इथे मानानं ठेवा."

टाळ्या बंद झाल्या. मागून कुणीतरी हसलं. अध्यक्ष काठी धरून उभेच, खाली ठेवावी की नाही ते त्यांना कळेना. फोटो तेव्हाचा आहे.

दुसऱ्या दिवशी डोनेली साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "ज्यांनी इतक्या प्रेमानं दिली त्यांचा तू अपमान केलास. वसंतात तुझा करार संपतोय. व्हॅन्डरमीर साहेबांची माफी माग, काठी हातात घेऊन एक चांगला फोटो काढून दे, विषय संपला." मी म्हटलं, "माफी मागते. काठी घेत नाही." ते म्हणाले, "अगं, एका मिनिटाचं काम आहे!" त्यांनाही वाईट वाटत होतं. चांगला माणूस आहे तो. पण त्यांना कळत नाही.

मुलींना मी दोन वर्षं सांगतेय की हा खेळ कुठून आला. आता फोटोसाठी काठी धरली, तर ते सगळं फक्त बोलण्यापुरतं होतं, असं होईल. मी धरणार नाही.

तुला मात्र फोटोवरून विचारावं लागलं. त्याचं वाईट वाटलं.

कोरीन


२१ नोव्हेंबर २०१०

कोरीन,

आभार भिंगाचे. तुझ्या आईचं, भरतकामाचं. ते घेऊन दुकानात गेले. काठीवरची सगळी बोटं त्या अध्यक्षाची आहेत. जाडजूड, वर केस. तुझी एकही नाही. मग त्या दोघी बायकांना बोलावलं, त्यांच्या डोळ्याला भिंग लावलं, आणि दोघींकडून "नाही" असं मोठ्यानं म्हणवून घेतलं. दुकानदार म्हणाला, "इर्माबाई, गिऱ्हाईक खोळंबलंय." मी म्हटलं, "त्यालाही दाखव."

तुला विचारायला नको होतं. विचारलं.

आता खरं सांगते. तुझी ही नोकरी सुटावी, तू घरी यावंस, असं मला दोन वर्षं वाटत होतं. आता ती सुटायला आली, तर माझी झोप उडालीय. तुझी आई मला हसतेय. हसू दे.

इर्मा


व्हिटफोर्ड
२० मार्च २०११

प्रिय मावशी,

आभार मुलींचे. डोनेली साहेबांनी फोटोचं पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. ते हेलेनाला कळलं. ती त्यांच्या खोलीत जाऊन म्हणाली, "सर, फोटोच हवा असेल तर माझा घ्या, मी जास्त छान दिसते." त्यांनी तिला हाकललं. साहेबांशी असं बोलू नकोस म्हणून मी तिला पहिली समज दिली, कानात. देताना मला हसू आवरेना.

व्हॅन्डरमीर साहेबांना मी माफीची चिठ्ठी पाठवली होती. उत्तर आलं नाही. करारावर एप्रिलच्या अखेरीला निर्णय. बहुतेक नाहीच होणार. झालं तसं तर घरी येते. तुझ्या मक्याच्या वेण्या घालीन. पण मला पश्चात्ताप नाही, एवढं लक्षात ठेव. घरी आल्यावर माझी कीव करू नका.

कोरीन


२७ मार्च २०११

कोरीन,

शनिवारी सामना आहे ना? कॉलेजच्या मोठ्या दाराशी गाडी लावू देतात का? अल्टन नवे बूट घालणार आहे. त्या व्हॅन्डरमीरला आणि तुझ्या साहेबाला सांग, अस्वल कुळाच्या बायका काठी न्यायला येतायत. सामना बघायला नाही. काठी न्यायला.

इर्मा


व्हिटफोर्ड
३ एप्रिल २०११

मावशी!

तू न भेटताच गेलीस. शेवटची शिट्टी झाली, समोरच्या संघाशी हात मिळवले, वळून बघते तर मामाचा ट्रक फाटकाबाहेर.

तुम्हा तिघींना रिबिनींच्या झग्यांत वाटेवरून येताना मी मैदानातूनच पाहिलं. मागे मामा, नव्या बुटांत लंगडत. सामन्याआधीचा सराव सोडून येता येईना. हेलेना म्हणाली, "कोच, हीच ती मावशी? मग आज कुणी चिडायचं नाही गं पोरींनो!" आत साहेबांच्या खोलीत काय झालं, मला काहीच माहीत नाही. सामना एका गोलानं हरलो. आणि नंतर डोनेली साहेब आले ते हातात तुझी मक्याची भाकरी घेऊन, अर्धी खाल्लेली. म्हणाले, "तीन वर्षांचा करार तयार करतोय. सोमवारी सही कर. आणि कोरीन, हे तू मला आधी का नाही समजावलंस?" मी समजावलं होतं गं! चार वेळा!

काय बोललीस तू त्यांच्याशी? आणि मग बसलीस कुठे? मला मागे बघायला वेळच मिळाला नाही.

कोरीन


१० एप्रिल २०११

कोरीन,

आभार त्या व्हॅन्डरमीरचे. चांगला म्हातारा आहे.

आम्ही गेलो तेव्हा तो काठी गुडघ्यांवर ठेवून बसला होता. मला म्हणाला, "बाई, तिला काठी आवडली नाही का? मी फार शोधून करवून घेतली." कुणी त्याला काही सांगितलंच नव्हतं! तुझी चिठ्ठी त्याला मिळाली होती. पण तिच्यात नुसती माफी होती, कारण नव्हतं. शिकलीस एवढी आणि कारण लिहायला विसरलीस. त्याला वाटलं, तू रागावलीस, म्हणून बिचारा उत्तर द्यायला घाबरला. अपमान त्याच्या मनातही नव्हता. तो तुझ्या साहेबानं परस्पर करून घेतला.

मी त्याला आजोबांच्या चिखलातल्या सामन्याचं सांगितलं आणि माझ्या मनगटाचं. तो तरुणपणी याच कॉलेजकडून लाकडी काठीनं खेळला होता. म्हणाला, आयुष्यात त्याहून चांगली वस्तू हातात धरली नाही, म्हणून तुला तीच द्यावीशी वाटली. मी म्हटलं, "तुमची भेट बरोबर आहे. फक्त आमच्याकडे ती घ्यायला भाऊ पाठवतात." मग तो उठला आणि दोन्ही हातांनी काठी अल्टनला दिली. अल्टननंही नव्या बुटांतले पाय जुळवून ती दोन्ही हातांनी घेतली. तेवढ्यात तुझा साहेब म्हणतो, "आता कोरीनचा एक फोटो..." तर म्हाताराच त्याला म्हणाला, "डोनेली, तुम्ही जरा भाकरी खा."

मी ट्रकमध्ये बसणार होते. खरंच बसणार होते. पण बरोबरच्या मिनर्व्हाला संधिवात आहे, तिला उन्हात बसायचं होतं, आणि ऊन तुमच्या मैदानाकडेच्या त्या पायऱ्यांवरच होतं. म्हणून बसले. आधी मी झाडांकडे बघत होते.

ती अकरा नंबरची पोरगी. तिच्याकडून चेंडू सुटला, समोरच्यांनी गोल केला. ती रडत बाकावर आली. तू तिच्यापुढे उकिडवी बसलीस. तिच्या कानाशी काहीतरी बोलत होतीस. तेवढ्यात तुझ्या संघानं गोल केला. सगळे उठून ओरडले, माझ्या शेजारच्या माणसानं टोपी उडवली, मिनर्व्हासुद्धा संधिवात विसरून उभी राहिली. तू मान वळवली नाहीस. त्या पोरीचं नाक पुसलं, तिचं बोलून होईपर्यंत तशीच बसून राहिलीस.

पुरुषांचा खेळ पुरुषांचाच राहील. त्यात मी काही बदलणार नाही. आपल्या त्या दोन पोरींबद्दल मात्र मी लांबघरात सगळ्या बायकांना बसवून बोलायला लावणार आहे. बायका काय ठरवतील, सांगता येत नाही. माझं मत मी शेवटी सांगेन. ते काय असेल, ते तुला आत्ता लिहिणार नाही. ते आधी त्यांनी ऐकायचं.

एवढं सांगते. मी बाकाकडे बघत बसलेली दिसले म्हणून पुढच्या रांगेतल्या एका बाईनं मागे वळून विचारलं, "तुमची मुलगी कुठल्या नंबरची?"

मी म्हटलं, "नंबर नाही तिला. ती कोच आहे."

इर्मा